यीस्टच्या पेशीत साखर आपोआप झिरपते का?

साखर पाण्यात इतकी सहज विरघळते, तर यीस्टच्या पेशीतही ती अशीच झिरपत असेल ना, असं तुम्ही विचारलंय. नाही झिरपत, आणि घोडं अडतं ते त्या विरघळण्यापाशीच. पेशीचं पटल आतून तेलकट असतं. पाण्यात रमणाऱ्या साखरेला तिथं वाट मिळत नाही, तिला आत घ्यायला वाहक प्रथिनं लागतात.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते. पावाचं यीस्ट चार नळ्यांत घालायचं, प्रत्येकीत साखर वेगळी, आत उलटी डरहॅम नळी, म्हणजे वायू अडकवणारी छोटी नळी, आणि वायूचा बुडबुडा कुठे धरतो ते बघत बसायचं. साखर आत जाऊन वापरली गेली, तरच हा वायू सुटतो.

ग्लुकोजच्या नळीत तो चटकन येतो. ग्लुकोज जास्तीकडून कमीकडे जातं, त्याला ऊर्जा खर्चावी लागत नाही. आत आल्या आल्या त्याला फॉस्फेट चिकटतं, त्यामुळे आत मोकळं ग्लुकोज साठत नाही आणि उतार टिकून राहतो. या वाहकांचं गोत मोठं आहे: एचएक्सटी १ ते १७. पहिला ग्लुकोजची रेलचेल असताना उपयोगी, सहावा-सातवा टंचाईत. गंमत म्हणजे बाहेर ग्लुकोज किती आहे हे ओळखणारी एसएनएफ३ आणि आरजीटी२ ही प्रथिनं दिसायला वाहकांसारखीच, पण वाहून काहीच नेत नाहीत!

आपली चहातली साखर बहुतेक बाहेरच फुटते. यीस्ट इन्व्हर्टेज हे विकर पेशीबाहेर सोडतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज आत घेतं.

माल्टोजला मात्र पैसे पडतात. ते एका प्रोटॉनचा हात धरून आत येतं, आणि तो प्रोटॉन पुन्हा बाहेर ढकलायला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, जाळावं लागतं. शिवाय ग्लुकोज हाताशी असेल तर माल्टोजचे वाहक बनतच नाहीत, बनलेले असतील तेही पेशी आत ओढून मोडीत काढते. लादी पावाच्या पिठात वरून साखर घातली नाही, तर यीस्टची भिस्त याच माल्टोजवर, कारण पिठातल्या स्टार्चपासून तेच तयार होतं. आधीची थोडी मोकळी साखर संपली की पीठ कधीकधी मध्येच दम खातं ते यामुळे, नवे वाहक बनायला वेळ लागतो. बेकरीसाठीचं यीस्ट हा खोळंबा कमी व्हावा म्हणून निवडलेलं असतं.

चौथी नळी लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची. पावाच्या यीस्टकडे तिचा वाहकही नाही आणि ती फोडणारं विकरही नाही, बुडबुडा येणार कुठून? तरी दरवर्षी कोणीतरी शेजारच्या जर्नलमध्ये बघून तिच्यापुढेही अधिकचं चिन्ह काढून मोकळं होतं.