उंदराच्या आतड्याच्या व्हेसिकल्समध्ये (पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये) ग्लुकोजचा ओव्हरशूट (शेवटच्या पातळीच्याही वर जाणारी तात्पुरती उसळी) का दिसत नाही?

बाहेर सोडियम, आत फक्त मॅनिटॉल (सोडियम नसलेला, साखरेसारखा पदार्थ), तरी ग्लुकोजचा आलेख उसळी न घेता हळूहळू चढतोय? आधी व्हेसिकल्सवर संशय घ्या. जेजुनमचंच (लहान आतड्याच्या मधल्या भागाचं) खरवडलेलं अस्तर वापरा, सगळं बर्फावर. १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडने बाकीची पटलं गोळा होऊन खाली बसतात, ब्रश बॉर्डर (पेशीचं आतड्याच्या पोकळीकडचं पटल) वरच्या द्रवात राहते. सुक्रेज (ब्रश बॉर्डरची खूण असलेलं एन्झाइम) मूळ लगद्याच्या दहापट तरी हवं; सोडियम-पोटॅशियम एटीपेजही तसंच वाढलं असेल तर बेसोलॅटरल (पेशीचं रक्ताकडचं) पटल मिसळलंय.

बहुतेकदा मात्र घोळ वेळेत असतो. सोडियमचा उतार (आत-बाहेरच्या प्रमाणातला फरक) झपाट्याने विरतो, त्यामुळे पहिलं माप ५-१० सेकंदांतच घ्या. थांबवायचं द्रावण बर्फगार, त्यात फ्लोरिझिन (ग्लुकोजची वाहतूक रोखणारं), गाळणी ०.४५ मायक्रॉनची. सोडियम क्लोराइडऐवजी सोडियम थायोसायनेट घ्या: थायोसायनेट चटकन आत शिरून आतली बाजू ऋण करतं, उसळी ठळक होते. सोडियमऐवजी पोटॅशियम घेतलं तर ती दिसायलाच नको, तोच कंट्रोल.