वाचकांचे प्रश्न : ‘तोच बाप मलापण होता, मग हाच का गेला व्यसनाकडे?’

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, कॉलेजपासून गर्द (ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) घेतो. दोन-तीनदा केंद्रात ठेवून झालं, बाहेर आला की काही दिवस एकदम ठीक आणि मग परत तेच. आता दीड महिना झाला बंद आहे. मागच्या आठवड्यात रात्री अचानक म्हणाला की नऊ वर्षांचा असताना शिकवणीच्या सरांनी त्याच्याशी घाण प्रकार केले, बरेच महिने चाललं होतं, घरी सांगायची सोय नव्हती कारण वडील कशावरूनही पट्ट्याने मारायचे. मी सुन्न झाले. पण खरं सांगू, दुसऱ्या दिवशी मनात आलं की हा निमित्त तर शोधत नाहीये ना? मार मीपण खाल्लाय, मी तर नाही गेले असल्या गोष्टींकडे. आईला सांगू का? त्याला अजून विचारू का?
– एक बहीण

उत्तर : ताई, सगळ्यात आधी अर्जंट गोष्ट. पंचवीस वर्षं दाबलेलं बोलून टाकल्यावर माणसाला लगेच हलकं वाटेलच असं नसतं, बऱ्याचदा दुसऱ्या दिवसापासून लाज उफाळून येते, ‘कशाला बोललो’ असं होतं, आणि घ्यायची तलफ नेमकी तेव्हाच वाढते. त्यात दीड महिना बंद असल्यामुळे शरीराची सहनशक्ती उतरलेली आहे, त्यामुळे पूर्वी जेवढं सहज पचायचं तेवढ्याच डोसने आता श्वास बंद पडू शकतो. केंद्रातून बाहेर आल्यावर ओव्हरडोसने जीव जातात ते बहुतेक असेच. म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या, नॅलॉक्सोन हे ओव्हरडोस उतरवणारं औषध घरी ठेवता येईल का ते विचारा, आणि गर्दच्या जागी डॉक्टर देतात त्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाबद्दलपण विचारा. ‘एक व्यसन सोडवून दुसरं लावतात’ असं लोक म्हणतात ते चूक आहे, या औषधाने तलफ ताब्यात राहते आणि मृत्यूचा धोका बराच कमी होतो.

आता तुमचा खरा प्रश्न. तोच बाप होता हे बरोबर, पण बालपण तेच नव्हतं ना. मार दोघांनी खाल्ला, त्याच्यावर वर आणखी अत्याचार झाला आणि तो सांगायला एकही मोठं माणूस नव्हतं. मुलावर जे गुदरतं त्याच्याइतकंच नंतर कोणी जवळ घेतलं की नाही यानेही फरक पडतो. अमेरिकेत १९९५ ते १९९७ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून जास्त लोकांना लहानपणाबद्दल विचारलं, मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरात व्यसनी माणूस असे दहा प्रकार धरले. सहा प्रकार सोसलेल्या मुलग्यात पुढे सुईने ड्रग्ज घेण्याची शक्यता एकही न सोसलेल्याच्या ४६ पट निघाली. त्याच अभ्यासात १६ टक्के पुरुषांनी लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, म्हणजे साधारण सहातला एक, आणि आपल्याला वाटतं हे मुलांच्या बाबतीत होतच नाही. अर्थात इतकं सोसूनही बहुतेक जण सुईपर्यंत गेले नाहीत, म्हणजे हे विधिलिखित नाही. तुम्ही वाचलात म्हणून तो खोटा ठरत नाही आणि तो अडकला म्हणून तुमचं सोसणं कमी होत नाही.

सतत भीतीत वाढलेल्या मुलाचं शरीर कायम सावध राहायला शिकतं, भीती संपली तरी ते बंद होत नाही. दार वाजलं तरी दचकणं, झोप न लागणं, छातीत सतत काहीतरी घट्ट. मग कोणीतरी गर्द देतं. असे कितीतरी पुरुष सांगतात की पहिल्यांदा घेतलं तेव्हा मजा वगैरे नाही आली, आयुष्यात पहिल्यांदा शांत वाटलं. एडवर्ड खॅन्ट्झियन नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये हेच मांडलं होतं की माणूस स्वतःच्या दुखण्यावर स्वतःच औषध शोधत असतो. केंद्रात ते औषध काढून घेतात, टर्की (नशा बंद केल्यावर होणारा त्रास) संपते, वजन वाढतं, सगळे खूश, पण ज्यासाठी घेत होता ते जिथल्या तिथे. माझ्या मते तुमच्या भावाच्या पुन्हा पुन्हा घसरण्याचं मोठं कारण इथेच सापडेल.

पुरुषांचं अजून एक असतं जे कोणी बोलत नाही. अत्याचाराच्या वेळी लहान मुलाचं शरीर आपोआप प्रतिसाद देऊ शकतं, शिंक येते तितकं ते हाताबाहेरचं असतं, पण मुलगा आयुष्यभर समजत राहतो की ‘म्हणजे मलापण हवं होतं’. वर ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ ऐकलेलं. मग दुःख बाहेर येतं ते रागातून, भांडणातून, नाहीतर पुडीतून.

त्यामुळे त्याला खोदून विचारू नका प्लीज. कधी, कुठे, किती वेळा, काही नको. एवढंच म्हणा की ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे, चूक तुझी नव्हती’. आईला त्याच्या परवानगीशिवाय अजिबात सांगायचं नाही, नऊ वर्षांचा असताना त्याच्या हातात काहीच नव्हतं, निदान हे कोणाला कळावं ते त्याने ठरवू दे. उपचार करणाऱ्यांना मात्र त्याच्या संमतीने कळू दे. ‘आधी दोन वर्षं क्लीन राहा, मग बालपणाचं बघू’ हे जुनं झालं, दोन्हींवर एकत्र उपचार होतात आणि तेच चांगलं. फक्त क्रम असतो : आधी झोप, औषधं, तलफ आली की काय करायचं हे सगळं बसवायचं, आणि मग थेरपिस्टसोबत हळूहळू त्या आठवणींकडे. पहिल्याच सेशनला सगळं उकरून काढणारा भेटला तर दुसरा बघा.

आणि हो, कारण समजलं म्हणजे सगळं माफ नाही. त्याने पैसे उचलले, शिवीगाळ केली तर तुमचा नकार पूर्वीसारखाच ठाम राहू दे.

प्रश्न : वय २७. लहानपणी खूप मार खाल्लाय. झोपेसाठी रोज गांजा घ्यायचो, दहा दिवसांपूर्वी सोडला तर आता रोज भयानक स्वप्नं पडतायत, जुनं सगळं परत येतंय का?

उत्तर : बरंचसं सोडल्यामुळे होतंय मित्रा. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, सोडला की ती दुप्पट जोराने परत येते. काही आठवडे स्वप्नं अशीच ठळक आणि विचित्र पडतील, मग कमी होतील, यासाठी परत ओढू नकोस. पण तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसत असेल, घामाघूम होऊन जाग येत असेल, दिवसाही अचानक ते डोळ्यासमोर येत असेल, तर थांबू नकोस, मनोविकारतज्ज्ञाला दाखव आणि गांजाचं आणि मारहाणीचं दोन्ही त्यांना एकाच वेळी सांग. अर्धं सांगितलंस तर उपचारही अर्धेच होतील. आणि जीव नकोसा वाटला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री कोणालातरी उठव आणि हॉस्पिटलला जा.