लाव्हाच्या कोरड्या किनाऱ्यावर कुत्र्यासोबत : वाचकांचे प्रश्न

पाऊस जेमतेम, झाड औषधालाही नाही, पायाखाली थिजलेला लाव्हा आणि हाताशी समुद्र, अशा वाटांवर कुत्र्याला घेऊन पायी हिंडणाऱ्या वाचकांच्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी चार वर्षांची लॅब्रॅडोर कुत्री एरवी दहा किलोमीटर सहज चालते. लाव्हाच्या किनाऱ्यावर मात्र वारा छान सुटलेला असताना आणि मला मुळीच उकडत नसताना ती तिसऱ्या किलोमीटरलाच बसकण मारू लागली. हा हट्ट समजावा की आजार?

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. ज्या वाऱ्याने तुम्हांला सुख दिले त्यानेच तुमची फसगत केली. माणसाला अंगभर घाम येतो आणि वारा तो सुकवतो, म्हणून आपल्याला गार वाटते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ केवळ पंजाच्या गाद्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे धाप, म्हणजेच जीभ, तोंड आणि श्वासमार्ग यांतील ओलाव्याचे बाष्पीभवन. जमीन कितीही रखरखीत असली तरी समुद्रावरून येणारी हवा दमट असू शकते आणि तशा हवेत हे बाष्पीभवन मंदावते. त्यात काळा बेसाल्ट ऊन शोषून घेऊन हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. तुमचे डोके त्या कातळापासून दीड मीटर उंच असते. तिचे पोट त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर असते. तुम्ही दोघे एकाच वाटेने चालता, पण एकाच हवेत नव्हे.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि ४१ अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका गंभीर होतो. जीभ टोकाशी रुंद होऊन बाहेर लोंबणे, लाळ घट्ट आणि चिकट होणे, हिरड्या लालभडक दिसणे, दगडाच्या वितभर सावलीकडे ओढ घेणे ही पहिली चिन्हे होत; झोकांड्या, उलटी आणि कोसळणे ही फार पुढची. तुमच्या कुत्रीने पहिल्याच टप्प्यावर बसून तुम्हांला सांगितले, हा तिचा शहाणपणा मानावा. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची धाप मुळातच अपुरी पडते. त्यांना अशा वाटेवर नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळ पडलीच, तर आधी गार करावे आणि मग पशुवैद्याकडे धाव घ्यावी. शरीरापेक्षा थंड असे जे पाणी हाताशी असेल, मग ते समुद्राचे का असेना, ते अंगावर सतत ओतावे आणि वारा घालावा. मात्र ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, कारण तो लवकरच तापतो आणि उष्णता कोंडून धरतो. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी तपासणी टाळू नये, कारण मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरचे परिणाम कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

फिरण्याची वेळ पहाटेची ठेवा. संध्याकाळ तिच्यासारखीच वाटते, पण दिवसभर तापलेला कातळ सूर्य मावळल्याबरोबर निवत नाही.

प्रश्न : पाणी किती न्यावे? वाटेत झरा किंवा खडकातले डबके मिळेल असे धरून चालावे का?

उत्तर : धरून चालू नये. लाव्हाचा खडक भेगांनी आणि छिद्रांनी भरलेला असल्याने पडलेला थोडाथोडका पाऊस सरळ खाली मुरतो. वर ओढे टिकत नाहीत आणि गोडे पाणी पुष्कळदा थेट भरतीरेषेच्या आसपास समुद्राला मिळते. स्पेनच्या आग्नेय टोकाच्या काबो दे गाता या ज्वालामुखीजन्य किनाऱ्यावर वर्षाकाठी पाऊसच सुमारे २०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पडतो; तिथे झऱ्याच्या भरवशावर निघणे म्हणजे तहानेला आमंत्रण देणे होय.

खडकातल्या डबक्यांपासून तर कुत्र्याला दूरच ठेवावे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि उन्हाने आटलेल्या डबक्यात त्याहून अधिक. तहानलेला कुत्रा ते पितो, त्याला जुलाब आणि उलट्या होतात, त्यामुळे शरीर आणखी कोरडे पडते आणि रक्तातले सोडियम वाढत जाऊन प्रकरण थरथर, झटके आणि क्वचित मृत्यूपर्यंत जाऊ शकते. लाटेत फेकलेला चेंडू आणतानाही तो बरेच पाणी गिळतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

स्वस्थ बसलेल्या कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. उन्हात चालताना ही गरज दुपटीवर जाऊ शकते. वीस किलोच्या कुत्र्यासाठी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर मी दोन लिटर पाणी पिण्यासाठी आणि एक लिटर केवळ अंगावर ओतण्यासाठी बाळगतो. निम्मे पाणी संपले की परतावे, मग पुढचे भूशिर कितीही सुंदर दिसत असो.

प्रश्न : कुत्र्याला बूट घालावेत का? आमचा कुत्रा रानात वाढलेला आहे, त्याचे पंजे टणक आहेत.

उत्तर : मातीवर टणक झालेला पंजा लाव्हावर टिकेलच असे नाही. लाव्हाचे दोन ढोबळ प्रकार हवाईच्या भाषेतून आलेल्या नावांनी ओळखले जातात. पाहोइहोइ हा दोरखंडासारख्या वळ्यांचा, वरून गुळगुळीत असतो. त्यावर चालणे सोपे, मात्र त्याच्या पृष्ठावरचा काचेसारखा पातळ पापुद्रा फुटला की धारदार कपच्या निघतात आणि खाली कधीकधी पोकळी असते. आआ हा तुटक्या, काटेरी ढेकळांचा ढीग. त्यावर माणसाच्या जाड तळाच्या बुटांचेही काही दिवसांत हाल होतात, मग उघड्या गाद्यांची काय कथा!

आआवरून वाट जात असेल तर बूट हवेतच. पण ते घरी आठवडाभर आधी सवयीचे करावेत आणि वाटेत दर तासाला काढून पंजे पाहावेत, कारण आत शिरलेला एक खडा सगळे संरक्षण उलटवतो. जिथे मोकळ्या पंजाने चालवायचे तिथे आपला तळहात पालथा करून खडकावर सात सेकंद टेकवून पाहावा. हात उचलावासा वाटला तर चालणे थांबवावे. गादी कापलीच तर स्वच्छ पाण्याने धुवून पट्टी बांधावी आणि त्याला उचलून न्यावे. पंचवीस किलोचे जनावर एकट्याने दोन किलोमीटर नेणे किती कठीण असते हे मी एकदा अनुभवले आहे. तेव्हापासून पाठीवर धरायला मूठ असलेला हार्नेस आणि घडीची झोळी माझ्या सामानातून कधी सुटलेली नाही.

प्रश्न : सावली फक्त लाव्हाच्या गुहांतच मिळते. तिथे कुत्र्याला विसावा द्यावा का?

उत्तर : ज्वालामुखी शांत होऊन युगे लोटली असतील तर तोंडाशी, उजेडात बसायला हरकत नाही, छत सैल आहे का तेवढे पाहावे. मात्र जिथे जमिनीतून अजून वायू निघतो तिथे खोलगट जागा कटाक्षाने टाळावी. नेपल्सजवळ ‘कुत्र्याची गुहा’ याच नावाची एक लहानशी गुहा आहे. तिच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने उभ्या माणसाच्या नाकापर्यंत पोहोचत नाही. पूर्वी तिथे प्रवाशांच्या करमणुकीसाठी कुत्र्याला आत नेत, तो बेशुद्ध पडे, आणि मग त्याला शेजारच्या आन्यानो सरोवराच्या पाण्यात बुडवून शुद्धीवर आणत. ते सरोवर १८७० मध्ये कोरडे करण्यात आले. तो खेळ क्रूरच होता. पण आपल्याला काहीच जाणवत नसताना कुत्रा गुदमरू शकतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

प्रश्न : वाट ओसाड आहे, माणूस दिसत नाही. पट्टा सोडला तर काय बिघडले?

उत्तर : ओसाड वाटणाऱ्या त्याच जमिनीवर समुद्रपक्षी घरटी करतात, काही तर बिळांतून. हवाईतील ओआहू बेटाच्या काएना टोकावर कुत्री आणि इतर शिकारी प्राणी आत येऊ नयेत म्हणून २०११ मध्ये खास कुंपण पूर्ण करावे लागले. शिवाय पक्ष्यामागे धावणाऱ्या कुत्र्याला कड्याचा काठ दिसत नाही. पट्टा लावावा. कुत्र्यांना मुळात परवानगी आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

प्रश्न : परत आल्यावर काय तपासावे?

उत्तर : प्रथम गोड्या पाण्याने अंग आणि पंजे धुवावेत, नाहीतर तो सगळे मीठ चाटून काढतो. मग बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत कुसळे शोधावीत; वाळक्या गवताचे कुसळ एकाच दिशेने आत सरकत जाते आणि महिनाभराने गळू होऊन प्रकटते. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर वाळूमाशीच्या चाव्याने कुत्र्यांना लीशमॅनिया या सूक्ष्म परजीवीचा रोग होतो आणि ही माशी संध्याकाळ ते पहाट चावते. म्हणून तिला पिटाळणारा औषधी पट्टा सहलीच्या एक-दोन आठवडे आधीच गळ्यात घालावा आणि रात्री कुत्र्याला तंबूच्या बाहेर झोपवू नये.