‘यू’विना ‘क्यू’ आणि स्वराविना शब्द : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेत शनिवारी आम्ही स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांचे ठोकळे पाटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, खेळतो. ‘क्यू’ हाती आला की मुलं ‘यू’ची वाट पाहत बसतात, तोवर डाव संपतो. ‘यू’शिवाय ‘क्यू’चे शब्द असतात का?
— एक शिक्षिका, चिमूर तालुका

उत्तर : असतात. सर्वांत लहान दोनच अक्षरांचा आहे : क्यू-आय. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी परंपरेतली शरीरात वाहणारी जीवनशक्ती. दोन अक्षरांत ‘क्यू’ बसवणारा हा एकच शब्द. या खेळात चालणाऱ्या शब्दांच्या दोन मुख्य याद्या आहेत. उत्तर अमेरिकेच्या स्पर्धांच्या यादीत तो २००६ साली आला, कॉलिन्स या इंग्रजी कोशाच्या यादीतही आहे. तो पाठ असला की निम्मी चिंता मिटते.

‘क्यूनंतर यू’ हा शाळेतला नियम लॅटिन आणि फ्रेंचमधून आलेल्या शब्दांपुरता खरा आहे. अरबीतला घशातून काढायचा ‘क़’ रोमन लिपीत लिहिताना मात्र ‘क्यू’ एकटाच येतो. हे शब्द आपल्या गावांत उर्दूच्या वाटेने कधीचेच पोचले आहेत, म्हणून मुलांना ते परके वाटू नयेत. काझी : क्यू-ए-डी-आय. फकीर : एफ-ए-क्यू-आय-आर. तलाक : टी-ए-एल-ए-क्यू. तीन अक्षरांत एस-यू-क्यू म्हणजे अरबी बाजारपेठ. इथे ‘यू’ आहे, पण ‘क्यू’च्या आधी. क्यू-ए-टी म्हणजे येमेन, इथिओपियाकडच्या एका झुडपाचा नशा आणणारा पाला. आपल्याकडे खर्रा धरतात तसा तिथे तो गालात धरतात. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे उताराने पाणी आणणारा जमिनीखालचा कालवा. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच जातीचा. मंडपाच्या कनातीशी त्याचा घोळ घालू नका.

आता गुणांचं. ‘क्यू’चे १० गुण. तिप्पट अक्षराच्या घरात (तिथे ठेवलेल्या अक्षराचे गुण तिप्पट होतात) तो ठेवून आडवा आणि उभा असा दोन्हीकडे क्यू-आय जुळवला, तर प्रत्येक शब्दाचे ३० अधिक १, म्हणजे एकूण ६२. उलट शेवटी हातात राहिला तर तुमचे १० कापतात आणि ज्याने आपले ठोकळे संपवले त्याला ते १० मिळतात. फरक २० चा. म्हणून वाट पाहायची ती ‘आय’ची. तोही येत नसेल तर पिशवीत निदान ७ ठोकळे असेपर्यंतच ‘क्यू’ बदलून घेता येतो, हे मुलं हमखास विसरतात.

प्रश्न : माहा पोरगा सातवीत हाये. परवा त्यानं सी-डब्ल्यू-एम असा शब्द लावला. म्हणते, हा इंग्रजीच हाये. ए, ई, आय, ओ, यू यातलं त्यात एकबी नाही. खरं कसं मानावं?
— आर्णीहून एक पालक

उत्तर : पोरगं बरोबर आहे. शब्द मूळचा वेल्श, आणि वेल्शमध्ये ‘डब्ल्यू’ हा ‘ऊ’चा स्वर. उच्चार ‘कूम’. हिमनदीने डोंगरात कोरलेली, तीन बाजूंना उभे कडे असलेली दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या ‘वेस्टर्न कूम’ला हे नाव जॉर्ज मॅलरीने १९२१ मध्ये दिलं.

स्वर नसलेले बहुतेक शब्द मात्र ‘वाय’वर चालतात : जिम, मिथ, लिंक्स (एल-वाय-एन-एक्स, एक रानमांजर), हिम (एच-वाय-एम-एन, भजन). एस-वाय-झेड-वाय-जी-वाय म्हणजे तीन खगोलीय गोल एका रेषेत येणं; त्यात ‘वाय’ तीन आणि संचात दोनच, म्हणून कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारा कोरा ठोकळा लागतोच. नुसते आवाजही चालतात : एच-एम, एस-एच, पी-एस-टी, बी-आर-आर. एन-टी-एच हा गणितातला ‘एन-वा’. हातात सगळी व्यंजनंच आली की हे उपयोगी पडतात.

प्रश्न : ‘एक्स’साठी काही युक्ती?
— वाचक, कारंजा (जि. वाशीम)

उत्तर : पाचही स्वर त्याच्याशी जुळतात. ए, ई, ओ त्याच्या आधी : कुऱ्हाड, पूर्वीचा जोडीदार, बैल. आय आणि यू नंतर : एक्स-आय हे ग्रीक अक्षर, एक्स-यू व्हिएतनामचं जुनं चिल्लर नाणं. ग्रीक अक्षराला अनेकवचनाचा ‘एस’ लागतो, नाण्याला लागत नाही. ‘व्ही’चा मात्र दोन अक्षरी एकही शब्द नाही, तो शेवटपर्यंत सांभाळून ठेवू नका.

प्रश्न : विकतचा संच परवडत नाही. घरी करता येईल?
— ग्रामपंचायत वाचनालय, मूल तालुका

उत्तर : येईल, पण प्रत्येक अक्षर चार-चार करू नका. तसं केलं की ‘झेड’, ‘क्यू’ हातात साचतात आणि खेळ अडतो. एकूण १०० ठोकळे : ई १२, ए, आय ९-९, ओ ८, एन, आर, टी ६-६, एल, एस, यू, डी ४-४, जी ३, बी, सी, एम, पी, एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय २-२, के, जे, एक्स, क्यू, झेड एकेक, कोरे २. गुण : ई, ए, आय, ओ, एन, आर, टी, एल, एस, यूला १, डी आणि जीला २, बी-सी-एम-पीला ३, एफ-एच-व्ही-डब्ल्यू-वायला ४, केला ५, जे, एक्सला ८, क्यू, झेडला १०, कोऱ्याला शून्य.

पुठ्ठा पावसाळ्यात वाकतो आणि मागची खूण ओळखू येते. सुताराकडे सागाच्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले असतात. त्यातून १९ मिमी चौरस, ४ मिमी जाड ठोकळे कापून कडा पॉलिश पेपरने घासा. अक्षरं कोरू किंवा डागू नका, पक्क्या शाईनं लिहा. नाहीतर पिशवीत हात घालून बोटानेच कोरा ठोकळा शोधणारे निघतात. पाट १५ बाय १५ घरांचा, प्रत्येक घर २० मिमी, म्हणजे ३० सेंमी चौरस.

प्रश्न : झेड-ए लावला, तर समोरचा म्हणाला शब्दकोशात नाही. भांडण झालं.
— वाचक, दारव्हा

उत्तर : घरचा इंग्रजी-मराठी कोश इथे पंच नाही. झेड-ए म्हणजे पिझ्झाचं बोलीतलं लघुरूप, ते दोन्ही याद्यांत आहे. झेड-ओ (याक आणि गाईचं संकरित जनावर) आणि सी-एच हे कॉलिन्सच्या यादीत आहेत, उत्तर अमेरिकेच्या नाहीत. म्हणून कुठली यादी, ते पहिला ठोकळा काढण्याआधी ठरवा. विशेषनामं कुठल्याच यादीत चालत नाहीत. वर्धा, आर्वी लावायचं नाही. आव्हान दिलं आणि शब्द यादीत नसला, तर ठोकळे उचलायचे आणि पाळी गेली. आणि मुलांना एवढं सांगा, की परीक्षेच्या निबंधात झेड-ए लिहिलं तर तपासणारा लाल रेघच मारेल.