मशीनचं मॅन्युअल हातात आलं की आधी काय बघायचं?

भावा, चकचकीत कागदाला भुलू नकोस. सरळ मागची पानं उघड. बिघाड, कारण, उपाय असा तक्ता आहे का बघ. 'पंप पाणी उचलत नाही' याच्यापुढं प्रायमिंग (सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणं), फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या खालच्या टोकाची झडप), सक्शनमधली म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपातली हवा, मोटार उलटी फिरणं एवढं तरी पाहिजेच. नुसतं 'सर्व्हिस सेंटरला कळवा' लिहिलं असेल तर त्याचा आपल्याला उपयोग नाही.

मग इशारे तपास. इशारा कृतीच्या आधीच यायला हवा. उद्यमनगरात एका मशीनवर मी 'कव्हर काढा' वाचून कव्हर काढलं, पान उलटलं, तर वर छापलेलं: 'त्याआधी वीज बंद करा.' हातात पाना तसाच होता. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

'बोल्ट घट्ट आवळा' हे मोघम झालं, टॉर्कचा, म्हणजे किती जोरानं पिळायचं त्याचा, आकडा हवा. वापरसूचना कशा लिहाव्यात याचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयईसी/आयईईई ८२०७९-१, आवृत्ती २०१९ची. मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेख दिसला तर चांगलंच, पण तेवढ्यावर विसंबू नकोस.

खरी पारख हवी असेल तर मॅन्युअल नव्या हेल्परला दे आणि शेजारी गप्प उभा राहा. तो जिथं अडेल तिथं पेन्सिलीनं खूण कर.