या वयात केमो झेपेल का?

आबा खुर्चीत टेकले आणि मी विचारलं, "जेवण जातंय का?"

उत्तर मुलाने दिलं. "जातंय की मॅडम. दोन भाकरी खातात." झोपेचंही त्यानेच सांगितलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. हात वर केला की मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराजवळ जायचं, खाली घेतला की खळकन परत यायचं. दोन भाकरी खाणाऱ्या माणसाचं घड्याळ असं सैल होत नाही.

मी कॅन्सरच्या रुग्णांची समुपदेशक. आबा वाईकडचे शेतकरी, वय ७४. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दोन वर्षांपूर्वी मांडीतली गाठ काढली होती, त्यानंतर लाईटही (रेडिएशन) घेतली होती. सार्कोमा. स्नायू, चरबी अशा मऊ भागात होणारा हा कॅन्सर तसा कमी आढळतो, आणि पसरतो तेव्हा बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो. आबांचं तेच झालं होतं. दिवाळीनंतरच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना ठिपके दिसले, ऑपरेशनने काढता येणार नाहीत इतके.

आत येण्याआधी मुलाने मला पॅसेजमध्ये गाठलं होतं. "आबांसमोर कॅन्सर शब्द नको. फुप्फुसात कफ झालाय असं सांगितलंय. पण खरं सांगा, या वयात केमो झेपेल का? आणि झेपणार असेल तर जी सगळ्यात स्ट्राँग असेल ती द्या. पैशाचं मी बघतो." त्याच वेळी मुंबईहून बहिणीचा फोन सुरू होता: "दादा, त्यांचे हाल करू नकोस रे." दोघांचाही जीव तुटत होता. आणि दोघांनीही आबांना विचारलं नव्हतं.

केमो झेपेल का, हा प्रश्न आठवड्यातून निदान चार घरांतून माझ्याकडे येतो. त्याचं उत्तर आधार कार्डावरच्या वयात नसतं. पंचाहत्तरीचा एखादा माणूस रोज दोन किलोमीटर चालतो, एखाद्याला साठीतच जिना चढवत नाही. म्हणून आमच्याकडे सत्तरीपुढच्या रुग्णाची आधी नीट तपासणी होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, सहा महिन्यांत वजन किती उतरलं, वर्षभरात पडले का, विसरतात का, मन खचलंय का, घरी रात्री-अपरात्री सोबतीला कोण, हे सगळं बघितलं जातं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१८ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. अमेरिकेत सत्तरीपुढच्या, आजार पसरलेल्या ७१८ रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी तपासणी करून तिचा अहवाल डॉक्टरांच्या हातात दिला, तेव्हा उपचारांचे गंभीर त्रास ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले. डॉक्टरांनी पहिला डोस बऱ्याचदा कमी ठेवला होता, तरी सहा महिन्यांनी हयात असलेल्यांचं प्रमाण घटलं नाही. हा आकडा मी प्रत्येक घराला सांगते, कारण 'डोस कमी केला म्हणजे बाबांना सोडून दिलं' ही भीती फार खोल असते.

आबांच्या तपासणीत काय निघालं? वजन सात किलोने उतरलेलं. पाय बरे, डोकं लख्ख. आणि माईंनी (आबांच्या पत्नी) पिशवीतून काढलेल्या गोळ्यांत बीपीच्या गोळीशेजारी एक लाल-पांढरं पाकीट. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, कंबरेसाठी रोज दोन, दीड वर्षं. घरात कुणालाच ते औषध वाटत नव्हतं, म्हणून कुणी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. किडनीवर तिचा ताण आलेला रक्तात दिसलाच. ती त्याच दिवशी बंद झाली.

'स्ट्राँग'बद्दल मुलाशी मी वेगळी बसले. या आजारात पहिलं औषध सहसा डॉक्सोरुबिसिन, ते लाल रंगाचं सलाईन. त्याच्या जोडीला आयफॉस्फामाइड देतात, ती जोडी म्हणजे त्याच्या मनातली स्ट्राँग केमो. २०१४ मध्ये युरोपातली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एकट्या औषधाने सातांतल्या साधारण एका रुग्णाच्या गाठी मोजून दिसेल इतक्या लहान झाल्या, जोडीने चारांतल्या एकाच्या. पण जोडीमुळे आयुष्य नक्की वाढलं असं दिसलं नाही, त्रास मात्र बराच वाढला. आणि त्या चाचणीत साठीच्या पुढचं कुणी घेतलेलंच नव्हतं. आयफॉस्फामाइड किडनीला जड, शिवाय त्याने म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे जास्त दिलं म्हणजे जास्त केलं असं नाही."

राहिला कफाचा प्रश्न. खोटं बोलायला मी तयार नव्हते आणि मुलाला तोंडघशी पाडायचं नव्हतं. त्याच्या परवानगीने, तो शेजारी असतानाच, मी आबांना एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?"

आबांनी घड्याळ मनगटावर नीट बसवलं. "मांडीतलं होतं तेच वर आलंय. पोराला सांगवंना, म्हणून मीबी इचारलं न्हाई."

मुलगा उठून दाराशी गेला. मी थांबले. अशा वेळी समुपदेशकाने पटकन काही बोलून शांतता भरू नये, हे शिकायला मला खूप वर्षं लागली.

मग मी विचारलं, पुढच्या सहा महिन्यांत काय व्हायलाच हवं? मला वाटलं नातवाचं लग्न वगैरे म्हणतील. आबा म्हणाले, "हळद. यंदा दीड एकर हाय. माघात काढून शिजवायची. काहिलीपाशी मी पायजे, ह्याला हळकुंड शिजलं का न्हाई ते कळत न्हाई."

त्या एका वाक्यावर डॉक्टरांनी पुढचा सगळा बेत बांधला. डॉक्सोरुबिसिन एकटंच, दर तीन आठवड्यांनी, पहिला डोस नेहमीच्या तीन चतुर्थांश. या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार घटू नयेत म्हणून इंजेक्शन. दोन सायकलनंतर, म्हणजे केमोच्या दोन फेऱ्यांनंतर, स्कॅन, उपयोग दिसला नाही तर बंद. आणि स्पष्ट शब्दांत, आबांच्या समोर: हा आजार याने मुळापासून जाणार नाही, वाढ रोखायची आणि धाप लागणं पुढे ढकलायचं एवढाच प्रयत्न आहे.

माईंना मी थर्मामीटर वाचायला शिकवलं. १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. गाडी कुणाची, तेही त्याच कागदावर लिहून घेतलं. लघवी एक-दोन दिवस लालसर होते ती औषधाच्या रंगाने, हे आधी सांगितलं नाही तर घाबरून लोक पुढची सायकलच सोडतात.

पहिल्या वेळी चार दिवस आबा नुसते पडून होते. तोंड आलं, ताक-भाताशिवाय काही जाईना. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी उलटीची गोळी बदलली, कारण आधीच्या गोळीने ते दिवसभर पेंगत. स्कॅनमध्ये ठिपके होते तेवढेच राहिले होते. मुलगा हिरमुसला, त्याला ते जायला हवे होते. वाढले नाहीत हीच या आजारात चांगली बातमी असते, हे त्याला डॉक्टरांनी दोनदा समजावलं. चौथ्या सायकलनंतर आबाच म्हणाले, आता पुरे, पायात जोर ऱ्हायला पायजे. डॉक्टरांनी ते मान्य केलं.

फेब्रुवारीअखेर ते तपासणीला आले तेव्हा सिस्टरने आधी त्यांचे डोळे खाली ओढून बघितले. दोन्ही तळवे, नखं, मनगटापर्यंत सगळं पिवळंधमक. डोळे पांढरेशुभ्र होते. कावीळ नव्हती, हळद होती. माझ्या टेबलावर कागदात बांधलेली मूठभर हळकुंडं ठेवून ते म्हणाले, "मोडून बघा. आतनं केशरी निघंल."

आषाढात ठिपके वाढले. डॉक्टरांनी दोन वाटा मांडल्या. एक, पॅझोपॅनिबची गोळी, रोज उपाशीपोटी, बीपी आणि लिव्हरवर लक्ष ठेवून. युरोपात साठीपुढच्या १२० रुग्णांत ती पहिलं औषध म्हणून देऊन पाहिली, तेव्हा आजार रोखून धरण्यात ती डॉक्सोरुबिसिनपेक्षा फारशी मागे पडली नाही आणि पांढऱ्या पेशी घटण्याचा त्रास तिने खूपच कमी झाला. आबांचा सार्कोमा चरबीतला नव्हता, म्हणून ती देता येण्यासारखी होती. दुसरी वाट, कॅन्सरवरचं औषध काहीच नाही, फक्त धाप आणि दुखणं आटोक्यात ठेवायचं, घरीच.

मुलाने सवयीने तोंड उघडलं. मग थांबला, खुर्ची जरा मागे घेतली.

"आबा, तुम्हीच बोला."

आबांनी घड्याळ वर सरकवलं. "डॉक्टर, पयल्यांदा ह्ये सांगा. गोळी घेऊन वावरात जाता येईल का?"