पोलादाला ‘पाणी देणे’: हार्डनिंग की टेम्परिंग?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्टेन्सिटिक (तापवून विझवल्यावर कठीण होणाऱ्या) स्टेनलेस स्टीलच्या ग्रेडची तुलना करणारा मजकूर मराठीत आणताना एका शब्दसूचीत टेम्परिंगसमोर (म्हणजे कठीण केलेलं पोलाद पुन्हा कमी तापमानाला तापवून चिवट करण्यासमोर) ‘पायन, पाणी देणे’ असे दोन शब्द सापडले. त्यावरून वाक्य तयार झालं: ‘४२० ग्रेड १०२० अंश सेल्सियसवर तापवून तेलात विझवावी आणि मग २०० अंशांवर पाणी द्यावे.’ ते वाचून एका कारागिराने विचारलं, २०० अंशांवर पाणी कसं देणार? मग चुकलं कोण, शब्दसूची की कारागीर?

माझ्या मते कारागीर बरोबर आहे. पण शब्दसूचीचा घोटाळा का झाला ते समजून घेण्यासारखं आहे.

लोहार छिन्नीला पाणी देतो ते जवळून पाहिलं की उलगडा होतो. छिन्नीचं टोक लालभडक तापवून तो नुसतं टोकच पाण्यात धरतो. चर्रर्र आवाज होतो, टोक काळं पडतं, मागचा दांडा अजून गरमच असतो. लगेच बाहेर काढून तो टोकावरचा काळा थर घासून चकचकीत करतो आणि नजर रोखून थांबतो. मागची उष्णता हळूहळू पुढे येते आणि चकचकीत भागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा असे रंग टोकाकडे सरकतात. हवा तो रंग धारेपाशी पोचला की छिन्नी पुन्हा पाण्यात. पहिल्या बुडीत पोलाद कठीण झालं, म्हणजे हार्डनिंग. रंग सरकले तेवढ्या वेळात त्याचा ठिसूळपणा कमी झाला, म्हणजे टेम्परिंग. लोहाराने दोन्ही कामं एकाच तापात उरकली आणि दोन्हीला मिळून एकच नाव दिलं, ‘पाणी देणे’. इंग्रजीतही ‘टेम्पर’ हा शब्द पोलादाच्या एकूण कसासाठी वापरत आले आहेत. कोशकारांनी ‘पाणी’ आणि ‘टेम्पर’ समोरासमोर ठेवले ते त्या व्यापक अर्थाने असावेत. पुढे टेम्परिंगचा अर्थ दुसऱ्या टप्प्यापुरता उरला, जोडी मात्र तशीच राहिली.

‘पायन’चं मूळ तर स्पष्टच पहिल्या टप्प्याकडे बोट दाखवतं. संस्कृतातल्या ‘पा’ धातूचं ‘पाययति’ हे प्रयोजक रूप, म्हणजे ‘पाजतो’. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आठव्या अध्यायात शस्त्रांची ‘पायना’ तीन प्रकारची सांगितली आहे: क्षारात, पाण्यात आणि तेलात. बाण, शल्य आणि हाडं छेदायची शस्त्रं क्षार पाजलेली, मांस कापायची पाणी पाजलेली, शिरा वेधायची आणि स्नायू छेदायची तेल पाजलेली. इथे ‘पाजणे’ म्हणजे तापलेलं शस्त्र द्रवात विझवणे, दुसरं काही नाही. सुरी ‘पाजवून आणणे’ यातला ‘पाजवणे’ही मला याच कुळातला वाटतो. त्याचा अर्थ मात्र आता धार लावण्यापुरता उरला आहे.

सुश्रुताच्या या यादीत तेलही आहे, हे फार मोलाचं. ‘पाणी देणे’ यात पाणी असलंच पाहिजे असं नाही. पाणी म्हणजे इथे पोलादाचा कस. मोत्याचं पाणी, पाणीदार डोळे, एखाद्याचं पाणी जोखणे, यांतही ओलं काही नसतं. म्हणून ४२० ग्रेड तेलात विझवली किंवा नुसत्या वाऱ्यावर थंड केली, तरी तिला पाणी दिलं असं खुशाल म्हणावं.

वाऱ्यावर हे कसं जमतं? साध्या कार्बन पोलादाला झटपट थंड करावं लागतं, नाहीतर तापलेल्या अवस्थेतली रचना परत मऊ रचनेत उतरते. क्रोमियम हे उतरणं फार सावकाश करतं. त्यामुळे क्रोमियम भरपूर असलेला पातळ तुकडा हवेतही कडक होतो. कार्बन आत अडकून राहिल्याने ताणलेल्या त्या कठीण रचनेचं नाव मार्टेन्साइट. आडॉल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून फ्रान्सच्या फ्लोरिस ओस्माँ यांनी १८९५ साली ते ठेवलं. ३०४सारख्या ऑस्टेनिटिक (थंड झाल्यावरही तापलेल्या अवस्थेतली रचना टिकवणाऱ्या) स्टीलला मात्र कितीही तापवून बुडवा, पाणी चढत नाही, कारण त्यात ही रचना थंड करून घडतच नाही.

आता ग्रेडकडे येऊ. फरक मुख्यतः कार्बनचा आहे. ४१० मध्ये तो जास्तीत जास्त ०.१५ टक्के आणि क्रोमियम ११.५ ते १३.५ टक्के. पाणी दिल्यावर ती कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर साधारण ४० पर्यंत जाते. ४२० मध्ये कार्बन ०.१५ टक्क्यांच्या वर असतो, सुऱ्यांसाठी बहुधा ०.३ ते ०.४, आणि कठीणपणा ५० च्या थोडा पुढे पोचतो. ४४०सी मध्ये कार्बन ०.९५ ते १.२० आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के. ती ५८ ते ६० गाठते. पाणी दिलेल्या ४४०सी वर कानस चालवून पाहा. कानस धरत नाही, काचेवरून जावी तशी घसरते.

पण विझवून तशीच ठेवलेली ४४०सी हातातून पडली तर चीर जाऊ शकते. म्हणून विझवल्यावर फार वेळ न दवडता टेम्परिंग करायचं: तुकडा वेगळ्या भट्टीत पुन्हा, कमी तापमानाला, तास दोन तास ठेवायचा. धार हवी असेल तर १५० ते २०० अंशांच्या आसपास. ४१० चे बोल्ट किंवा पंपाचे शाफ्ट चिवट हवे असतील तर ६०० च्या पुढे. मधला साधारण ४२५ ते ५६५ अंशांचा पट्टा टाळतात, कारण तिथे चिवटपणाही घसरतो आणि गंजरोधही. म्हणजे दोन टप्प्यांत तापमान वेगळं, वेळ वेगळा, हेतूही जवळजवळ उलटा. शिवाय क्रोमियममुळे स्टेनलेसवर ते पिवळे-निळे रंग जास्त तापमानाला उमटतात, त्यामुळे साध्या पोलादाचा रंगांचा हिशेब इथे लागू पडत नाही. लोहाराची एका तापातली रीत स्टेनलेसला चालत नाही, मग त्या रीतीचं एकत्र नावही दोन्ही टप्प्यांना लावता येत नाही. ‘पाणी देणे’ पहिल्या टप्प्यापुरतं, म्हणजे हार्डनिंगपुरतंच राखावं.

टेम्परिंगला ‘पाणी उतरवणे’ म्हणावं अशी सूचनाही कोणी करेल. मला ती पटत नाही. मराठीत पाणी उतरलं म्हणजे कस गेला. सुरी सुक्या सहाणचाकावर धरून धार निळी पडू दिली, की तिचं पाणी उतरलं म्हणतात, आणि तिथे तो शब्द अचूक बसतो. टेम्परिंगमध्ये कस जात नाही. थोडा कठीणपणा देऊन चिवटपणा कमावला जातो. त्यासाठी सर्वांच्या तोंडी ‘टेम्परिंग’ हाच शब्द आहे, तोच ठेवावा. ‘कडक’ हा शब्दही जपून वापरा. तो कठीणपणालाही चालतो आणि न वाकणाऱ्यालाही. तुलनेच्या तक्त्यात ‘कठीणपणा’, ‘चिवटपणा’ आणि ‘ठिसूळपणा’ हे तीन शब्द वेगवेगळे राखले, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही.

एक अर्थ मात्र सुटू देऊ नका. अनीलिंग केलेल्या, म्हणजे तापवून सावकाश थंड केलेल्या मऊ ४२० मध्ये बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या (कार्बनशी जुळून बनलेल्या) कणांत अडकलेलं असतं. हजार अंशांच्या पुढे ते कण विरघळतात आणि क्रोमियम मोकळं होतं. म्हणून या स्टीलला पाणी दिलं की धारेबरोबर गंजाला तोंड देण्याची ताकदही वाढते.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘४२० ग्रेडला १०२० अंशांवरून तेलात विझवून पाणी द्यावे, आणि हाताला सोसेल इतकी थंड झाली की लगेच २०० अंशांवर टेम्परिंग करावे.’